दौरा बँडचा, तयारी घराची

लष्करी बँडमध्ये वाजवणाऱ्या जवानांच्या घरी दर हिवाळ्यात तेच प्रश्न पुन्हा निघतात. दिल्लीच्या यादीत नाव लागलं, आता संक्रांतीला येणार की नाही? बाळंतपणाची तारीख जानेवारीतच आहे, सुट्टी मिळेल का? परदेशी दौऱ्यावर बायकोला बरोबर नेता येतं का? ते तिकडे असताना इकडे शाळेची फी कुणाच्या खात्यातून भरायची? अग्निवीर म्हणून बँडमध्ये लागलेल्या धाकट्या दिराचं लग्न ठरवलं तर चालेल का?

लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, उरुळी कांचन या सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात राहून पुण्यातल्या लष्करी ठाण्यांत ड्युटीला जाणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी आहे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला शेजारच्या वहिनी तरी काहीतरी सांगतात. बाहेर भाड्याच्या किंवा स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना युनिटचं ऑफिस लांब पडतं आणि माहिती ऐकीव मिळते. त्यातून गैरसमज होतात, कागद राहून जातात आणि ऐन दौऱ्याच्या तोंडावर धावपळ उडते. दौऱ्याआधी, दौऱ्यात आणि परतल्यावर काय करायचं, काय मागायचं आणि कुठे सावध राहायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

सीमेवरची तैनाती कधी येईल, हे घरच्यांना आधी कळत नाही. बँडचं तसं नसतं. बँड ज्या सोहळ्यांत वाजतो, ते बहुतेक ठरलेल्या तारखांनाच होतात. पुण्यात नेमणूक असलेल्या वादकाने वर्षाच्या सुरुवातीलाच या तारखा लाल शाईने लिहून ठेवाव्यात:

- मे अखेर आणि नोव्हेंबर अखेर : खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड
- ४ डिसेंबर नौदल दिन, १६ डिसेंबर विजय दिवस
- १५ जानेवारी : सेना दिन. २०२५ मध्ये त्याचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुप केंद्रावर झालं
- २६ जानेवारीचं संचलन आणि २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट
- १५ ऑगस्ट

प्रत्येक तारखेच्या मागे तालमीचे आठवडे असतात, तेही धरा. बीटिंग रिट्रीटमध्ये अनेक बँड एकत्र येऊन, चालता चालता आकृत्या बदलत वाजवतात. ती शिस्त दोन-चार दिवसांत बसत नाही. म्हणून डिसेंबर आणि जानेवारी हे महिने तुमचे नाहीत असं समजूनच घरातले बेत आखा.

उरलेल्या दिवसांत दोन मोकळ्या जागा दिसतात. पहिली फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर हीच सुट्टी त्यांच्या कामाची. दुसरी जून-जुलैची. मेची परेड झालेली असते आणि ऑगस्टच्या तालमी जोरात सुरू व्हायच्या असतात. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामाला येते ती याच सुमारास. घरात वारी असेल, पालखीच्या दिवशी पाहुण्यांचा राबता असेल, तर ही सुट्टी आधीच मागून ठेवा. ती मिळण्याची शक्यता जानेवारीपेक्षा कितीतरी जास्त असते.

संक्रांतीचा प्रश्न मात्र दर वर्षी पंचांग पाहून सोडवावा लागतो. बोरनहाण आणि नव्या सुनेचं तिळवण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. २९ जानेवारीचा कार्यक्रम आटोपून घरी पोचलेल्या बापाला बाळाच्या डोक्यावरून बोरं ओतायला मिळाली असती. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आली, म्हणजे संधी नव्हती. २०२७ मध्ये ती १३ फेब्रुवारीला आहे, तेव्हा पुन्हा जमण्यासारखं आहे. सासूबाईंशी हे आधी बोलून घ्या. “तो आला नाही” हे दुःख पुष्कळदा तारीख न पाहता मुहूर्त धरल्यामुळे वाट्याला येतं.

परदेशी दौरेही अनेकदा आपल्या सणांवर येतात. २०१७ मध्ये भारतीय नौदलाचा बँड स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या लष्करी संगीत सोहळ्यात वाजवत होता. तो सोहळा २६ ऑगस्टपर्यंत चालला आणि त्या वर्षी गणपती २५ ऑगस्टला बसले. अशा वर्षी घरचा गणपती कुणी बसवायचा, पूजा कुणी सांगायची, हे जुलैतच ठरवून टाकलेलं बरं.

सुट्टी : किती, कशी आणि कधी मागावी

सैन्यातल्या जवानांना आणि जेसीओंना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टींत.

सुट्टी नियमात असली तरी ती हवी त्याच दिवशी मिळणं हा हक्क नाही. सेवेची गरज पडली तर ती नाकारता येते आणि सुट्टीवर गेलेल्याला परतही बोलावता येतं. त्यामुळे तिकीट काढून मग अर्ज करू नका. अर्ज द्या, मंजुरी घ्या, मग आरक्षण करा.

कॅज्युअल सुट्टी पुढच्या वर्षात जात नाही. बँडमधल्यांचं नुकसान नेमकं इथे होतं. वर्षभर “असू दे, डिसेंबरात घेऊ” म्हणत राहायचं आणि डिसेंबरात तालमी लागायच्या. कॅज्युअल सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वापरून टाका. वार्षिक सुट्टीला जोडून ती साधारणपणे मिळत नाही, तेही हिशेबात घ्या.

पत्नीच्या बाळंतपणासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा वेगळी असते. दोनपेक्षा कमी अपत्यं असलेल्यांना ती मिळते. प्रसूतीच्या आधी-नंतर किती काळात ती घ्यावी लागेल, हे युनिटच्या क्लार्ककडून अर्ज देतानाच विचारून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेचा कागद अर्जाला जोडा. तारीख जानेवारीतली असेल तर बँडमास्तरांना हे ऑक्टोबरातच सांगा. वाद्यांच्या रांगेत एक जागा रिकामी झाली तर तिथे कुणाला उभं करायचं, हे त्यांना आधी ठरवावं लागतं. वेळेवर सांगणाऱ्याला ते मदत करू शकतात. दिल्लीची गाडी सुटायला आठ दिवस उरल्यावर सांगितलं तर त्यांचेही हात बांधलेले असतात.

सैन्यात असलेल्या महिलांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. मातृत्व, बालसंगोपन आणि दत्तक मुलासाठीच्या रजेचे नियम तोवर अधिकाऱ्यांना जसे होते, तसेच सैनिक, नौसैनिक आणि वायुयोद्धा महिलांना लागू करायला संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली.

अर्ज योग्य असूनही वारंवार डावलला जातोय असं वाटलं, तर आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम २६ मध्ये तक्रारीची वाट दिलेली आहे. ती पायरी-पायरीने वर जाते. थेट मंत्रालयाला किंवा वर्तमानपत्राला पत्र लिहिणं हा शिस्तभंग ठरतो, मग तक्रार कितीही खरी असो.

पार्ट टू ऑर्डर : हा कागद नसेल तर बाकीचे अडतात

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

तुमचं लग्न गावभर गाजलेलं असेल, पण युनिटने त्याची नोंद करून पार्ट टू ऑर्डर काढलेली नसेल, तर सैन्याच्या दफ्तरात तुम्ही अविवाहित आहात. बाळाच्या जन्माचंही तसंच. पत्नीचं आश्रित म्हणून कार्ड, वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमधले उपचार, कँटीन कार्ड, मुलांचा शिक्षण भत्ता, फॅमिली क्वार्टर हे सगळं या एका नोंदीवर उभं असतं. नवरा दौऱ्यावर असताना पत्नी हॉस्पिटलच्या खिडकीशी उभी आणि नाव दफ्तरात नाही, ही वेळ येऊ देऊ नका.

क्रम असा ठेवा:

१. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करून घ्या. महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांच्या आत ती करायची असते. नंतरही होते, पण विलंब शुल्क पडतं.

२. नावं जुळवा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं आणि काही घरांत मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतं. आधार कार्डावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही आणि नवऱ्याने अर्जात लिहिलेलं तिसरंच, असा घोळ पुढे वर्षानुवर्षं पुरतो. एकच नाव ठरवा आणि ते सगळीकडे अक्षरशः सारखं करून घ्या.

३. दाखला आणि फोटो युनिटमध्ये द्या. ऑर्डर निघाल्यावर तिचा क्रमांक आणि तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा.

४. नामनिर्देशन बदला. लग्नाआधी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रुप इन्शुरन्सच्या अर्जावर आईचं नाव घातलेलं असतं. लग्न झालं, मुलं झाली, तरी तो कागद तसाच राहतो. आईला काही द्यायचं असेल तर हिस्सा ठरवून तसं लिहा, पण समजून-उमजून लिहा. हा विषय घरात काढायला जड जातो, तरी दौऱ्याआधीच काढा.

बाळ झालं आणि बाबा दौऱ्यावर

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बारशाला थांबता येतं, पण जन्माच्या नोंदीला थांबता येत नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते आणि नाव पुढे बारा महिन्यांच्या आत शुल्काशिवाय घालता येतं. तेव्हा “बाबा आल्यावर नाव ठेवू आणि मग दाखला काढू” असं करू नका. दाखला लगेच काढा, नाव सावकाश ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

दाखल्याची प्रत बापाची वाट न पाहता युनिटकडे पोचवा. मागे राहिलेल्या बँडच्या सहकाऱ्याकडे दिली तरी चालेल. दौऱ्यावर निघण्याआधीच “माझ्या गैरहजेरीत कागद अमुक जण आणून देईल” असं क्लार्कला सांगून ठेवलेलं असावं.

प्रसूती कुठे करायची, हेही आधी ठरवा. लोणी काळभोरहून वानवडीचं कमांड हॉस्पिटल गाठायला सोलापूर रस्त्यावरून हडपसर पार करावं लागतं आणि संध्याकाळच्या गर्दीत ते किती वेळ खातं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तातडीच्या वेळी जवळच्या खासगी रुग्णालयात जावं लागलं तर जीव आधी, कागद नंतर. पण दाखल होताच जवळच्या लष्करी रुग्णालयाला आणि युनिटला कळवा. तातडीचं कारण डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि प्रत्येक पावती जपा. नंतरचा परतावा याच कागदांवर अवलंबून असतो. कळवायचे फोन नंबर दाराच्या मागे चिकटवून ठेवा. मोबाइलची बॅटरी अशाच वेळी संपते.

पैसे : मागे राहणाऱ्यांच्या हातात काय हवं

पगाराचं खातं एकट्याच्या नावावर आणि एटीएम कार्ड पाकिटात घालून माणूस दिल्लीला, अशी स्थिती अजूनही बऱ्याच घरांत असते. घरखर्चासाठी पत्नीच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक तारखेला रक्कम आपोआप जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. संयुक्त खातं असेल तर त्याहून सोपं. आई-वडील गावाला असतील तर त्यांची रक्कमही अशीच ठरवून टाका. त्यावरून फोनवर होणारे वाद टळतात.

मुलांचा शिक्षण भत्ता जास्तीत जास्त दोन मुलांसाठी मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो दरमहा, दर मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे आहे. शैक्षणिक वर्ष संपल्यावर शाळेचा दाखला जोडून दावा करायचा असतो. तो दाखला आणणं घरच्यांचं काम, हे आधी वाटून घ्या.

आणि कटू वाटलं तरी ही माहिती असू द्या. जवान पत्नी-मुलांचा खर्च मुद्दाम देत नसेल, तर आर्मी अॅक्टच्या कलम ९१ खाली सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने त्याच्या पगारातून पोटगी कापून देता येते. पत्नीने त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करायचा असतो. सोबत लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले द्यावेत.

घरातला रियाज

बँडवाल्याला सुट्टीतही वाद्य सोडून चालत नाही. ट्रंपेट, कॉर्नेट, युफोनियम वाजवणाऱ्याची ओठांची पकड काही दिवस न वाजवल्यास ढिली पडते. वरचे स्वर आधी जातात, मग दम. पाइप वाजवणाऱ्याचं बोटांचं वळण बिघडतं. तालमीत परतल्यावर ते सगळ्या रांगेला ऐकू येतं. म्हणून घरात रियाज हवाच. पण एका बेडरूमच्या घरात, पाळण्यात बाळ आणि वरच्या मजल्यावर बारावीचा मुलगा असताना तो करायचा कसा?

वाद्यानुसार उत्तर वेगळं आहे.

- पाइप्स : घरी प्रॅक्टिस चँटरवर वाजवा. नवी धून बसवायला आणि बोटं राखायला तो पुरेसा आहे, आवाज हलका असतो. पिशवी भरून पूर्ण पाइप घरात वाजवू नका.
- ब्रास : म्यूट लावा. म्यूटने वाद्याचा प्रतिसाद थोडा बदलतो, म्हणून रोजच्या रियाजातला काही वेळ मोकळ्या जागी, म्यूटशिवाय वाजवा. सकाळी वीस मिनिटं लांब स्वर, संध्याकाळी वीस मिनिटं धून, एवढं नेमाने केलं तरी पकड टिकते.
- साइड ड्रम : रबरी प्रॅक्टिस पॅड. काठीची उसळी ड्रमपेक्षा निराळी असते, पण हाताचा वेग राहतो.
- क्लॅरिनेट, सॅक्सोफोन : यांना म्यूटचा फारसा उपयोग नाही, कारण आवाज भोकांमधूनही बाहेर पडतो. वेळ ठरवून घ्या किंवा बाहेर जा.

बाहेर जायला लोणी काळभोरमध्ये जागा आहे. कालव्याच्या बाजूची शेतं आहेत, रामदऱ्याकडचा मोकळा भाग आहे. सकाळी तिथे वाजवलं तर कुणाची झोप मोडत नाही. रामदऱ्याच्या देवळाच्या अगदी जवळ मात्र नको. राहत्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ कायद्याने रात्र धरली आहे. गणवेशातला माणूस म्हणून शेजारी तोंडावर बोलत नाहीत, तेव्हा आपणच जाऊन वेळ विचारून घ्यावी.

कानांचं कुणी फारसं बोलत नाही, पण बोलायला हवं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरला, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. ड्रम, पाइप आणि ब्रास जवळून हा आकडा सहज गाठतात. तालमीत वादकांसाठीचे इअरप्लग वापरा. लहान मूल खोलीत असताना पूर्ण आवाजात वाजवू नका, मग ते कितीही आनंदाने नाचत असो.

वाद्य युनिटचं असेल तर परवानगी आणि रजिस्टरमधल्या नोंदीशिवाय घरी आणू नका. पुष्कळ वादक घरच्या रियाजासाठी स्वतःचं साधं वाद्य घेऊन ठेवतात, तो चांगला मार्ग आहे.

एक धोका इथेच सांगायला हवा. पुण्यात ब्रास बँडांची मोठी परंपरा आहे आणि लग्नसराईत, गणपतीत तयार वादकांना मागणी असते. सुट्टीवर आलेल्या जवानाला “एक रात्र वाजव, इतके देतो” असं कुणी ना कुणी म्हणतंच. सेवेत असताना परवानगीशिवाय बाहेर पैसे घेऊन काम करणं नियमात बसत नाही. मित्राच्या वरातीतला व्हिडिओ फिरत फिरत युनिटपर्यंत पोचतो.

तालमीच्या दिवसांत रोजची ये-जा

लोणीहून खडकीला पहाटेच्या फॉल-इनला पोचायचं म्हणजे घर चारला सोडावं लागतं. ज्यांना कुटुंबासह बाहेर राहण्याची परवानगी आहे, त्यांनी तालमीचे चार-पाच आठवडे आठवड्यातल्या काही रात्री बॅरकमध्ये राहण्याचा विचार करावा आणि शनिवारचा आउट पास घ्यावा. पत्नीला हे आधी विश्वासात घेऊन सांगा. रोज रात्री दहाला येऊन पहाटे चारला निघणारा, चिडलेला माणूस घरी असण्यापेक्षा शनिवार-रविवार पूर्ण घरी असणारा मुलांना जास्त भेटतो.

दिल्लीच्या सामानात थर्मल कपडे, लोकरी मोजे आणि ओठांना लावायचं मलम आठवणीने भरा. थंडीत पितळी वाद्यांचा सूर उतरतो आणि फुटलेल्या ओठांनी ब्रास वाजवता येत नाही. व्हॅसलीनची छोटी डबी खिशातच असू द्या.

परदेशी दौरा

बँडचा परदेशी दौरा ही सरकारी ड्युटी असते. १४ जुलै २००९ ला पॅरिसच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात भारताच्या तिन्ही दलांची तुकडी आणि लष्करी बँड गेला होता आणि तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान चालले होते. अशा दौऱ्यात कुटुंबाला तुकडीबरोबर जाता येत नाही.

- सरकारी कामासाठीचा पांढऱ्या कव्हरचा पासपोर्ट वेगळा निघतो आणि परतल्यावर तो जमा करायचा असतो. त्यासाठी लागणारी जन्मतारीख आणि नाव आधारवर तसंच आहे ना, हे आधी पाहा. स्पेलिंगमधल्या एका अक्षरानेही काम अडतं.
- फोनची वेळ ठरवा. ऑगस्टमध्ये ब्रिटन आपल्या साडेचार तास मागे असतं. रात्री तिथे कार्यक्रम चालू असतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार, मुलं शाळेतून आल्यावरची वेळ. तीच धरा.
- निघण्याची तारीख, विमान, मुक्काम, तालमीचे फोटो घरच्यांनी समाज माध्यमांवर टाकू नयेत. जुलै २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ अॅप काढून टाकायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होती. नियम बदलत राहतात. सध्या काय चालतं ते युनिटमध्ये विचारा आणि मुलांनाही सांगा. अभिमान दाखवायला अधिकृत प्रसारणाचा व्हिडिओ पुरेसा आहे.
- “तुमचे मिस्टर अडचणीत आहेत, ताबडतोब पैसे पाठवा” असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. युनिटला फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

जमीन, फेरफार आणि कोर्टाची तारीख

हवेली तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे आणि भाऊबंदकीचे दावेही त्याच वेगाने वाढताना दिसतात. दौऱ्याच्या काळात सही लागण्याची शक्यता असेल, तर निघण्याआधी विशेष कुलमुखत्यारपत्र नोंदवून ठेवा. ते एका ठरावीक कामापुरतं असावं. “सगळे अधिकार” देणारं सर्वसाधारण पत्र जवळच्या नातेवाइकालाही विचार न करता देऊ नका. परदेशातून पत्र करायचं म्हटलं तर वकिलातीची वारी आणि इथे आल्यावर पुन्हा मुद्रांकाची मुदत, हे लांबतं.

न्यायालयात दावा चालू असेल तर आर्मी अॅक्टचं कलम ३२ लक्षात ठेवा. दाव्यासाठी सुट्टी मंजूर झाल्याचं किंवा मागितल्याचं लष्करी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र न्यायालयात दिलं, तर त्या सुट्टीच्या काळात सुनावणी आणि निकाल होईल अशी व्यवस्था न्यायालयाने शक्य तितकी करायची असते. हा हक्क वापरणारे फार थोडे आहेत, कारण वकिलांनाही तो दर वेळी माहीत नसतो. प्रमाणपत्र युनिटमधून मागा आणि वकिलाच्या हातात द्या.

अतिक्रमण, मोजणी, रस्त्याचा वाद अशा बाबींत कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही पाठपुरावा करतं. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे. तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

अग्निवीर वादकांसाठी

नौदल आणि हवाई दल संगीतासाठी अग्निवीरांची भरती करतात. नौदलाचं संगीत प्रशिक्षण मुंबईत आयएनएस कुंजाली इथे होतं. यांचे नियम जुन्या जवानांपेक्षा वेगळे आहेत. वर्षाला सुट्टी ३० दिवस, आजारपणाची रजा वैद्यकीय सल्ल्याने. चार वर्षांच्या काळात लग्न करता येत नाही. साखरपुडा उरकून “तारीख नंतर बघू” म्हणणाऱ्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ही अट आधी सांगा. पहिल्या वर्षी ३० हजारांपैकी २१ हजार हातात येतात, उरलेले सेवा निधीत जातात. घराचं कर्ज किंवा बहिणीच्या लग्नाचा खर्च याच २१ हजारांवर बेतावा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केलं जातं, म्हणून वाद्याची परीक्षा, पदविका असं काहीतरी या काळात पदरात पाडून घ्यावं.

पोलीस दलाच्या किंवा दौंड, रामटेकडीच्या राज्य राखीव दलाच्या बँडमध्ये असणाऱ्यांना आर्मी अॅक्ट लागू नाही. त्यांची रजा राज्याच्या नियमांनी ठरते. वरच्यापैकी जन्म-विवाह नोंदी, कुलमुखत्यारपत्र आणि रियाजाची माहिती मात्र त्यांनाही तशीच उपयोगी आहे.

मागे राहणाऱ्या पत्नीसाठी

लहान मूल, सासू-सासऱ्यांची औषधं, स्वतःची नोकरी आणि रात्री रिकामं घर, हे महिनाभर ओढणं सोपं नाही. “ते देशासाठी गेलेत, मी कशी रडू” असं म्हणून गप्प राहणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनी बोलावं. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत याचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. युनिटच्या पत्नी कल्याण संघटनेच्या, म्हणजे आवाच्या, बैठकीला बाहेर राहणाऱ्या कुटुंबांनीही जावं. निमंत्रण येण्याची वाट पाहू नये.

माहेरी जाऊन राहायचं असेल तर युनिटला पत्ता आणि फोन कळवा, म्हणजे निरोप चुकत नाही.

परतल्यावरचे पहिले पंधरा दिवस

घरात तुमच्याशिवाय एक शिस्त बसलेली असते. झोपेची वेळ, जेवणाची वेळ, कोण कुणाला शाळेत सोडतं, हे सगळं. आल्या दिवशीच ती मोडू नका. दोन-तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा जवळ येत नाही, हे नेहमीचं आहे. त्याला वेळ द्या.

मग कागद : प्रवासभत्त्याचा दावा, पासपोर्ट जमा केल्याची पावती, दौऱ्यात झालेल्या जन्माची किंवा इतर नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघाली का ते, उपचारांच्या बिलांचा परतावा. हे पंधरा दिवसांत उरकलं नाही, तर पुढच्या तालमी लागतात आणि फाइल तशीच पडून राहते. त्याच आठवड्यात फेब्रुवारी-मार्चच्या किंवा जून-जुलैच्या सुट्टीचा अर्जही देऊन टाका. बँडमध्ये तो जो आधी देतो, त्याच्या तारखा आधी धरल्या जातात.